ज्याचें शेत, त्याचें पीक

सिन्नरच्या बाजूस दोडी आणि दापूर अशीं गांवें आहेत. तेथील एका देवळाच्या ओसरीवर २० मार्च १८२६ रोजीं गॉर्डन हॉल नांवाचे एक अमेरिकन पाद्री पटकीनें मरण पावले. वय अवघें एक्केचाळीस. नाशिकांत त्या वेळीं पटकीची साथ होती; जवळचें औषध तेथील रोग्यांना देऊन ते मुंबईकडे परत निघाले होते, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हां पिशवींत फारसें कांहीं उरलें नव्हतें. पत्नी आणि मुलें अमेरिकेस गेलेलीं. सोबत असलेल्या दोन तरुणांनीं त्यांना तेथेंच मूठमाती दिली.

या गृहस्थांनीं तेरा वर्षें मुंबईंत काढलीं होतीं. तेवढ्या अवधींत त्यांच्या हातून जे लोक ख्रिस्ती झाले, ते बोटांवर मोजावेत इतकेच. हिशेबनिसाच्या दृष्टीनें पाहिलें तर हा व्यवहार साफ बुडीत खात्यांतला. हॉल यांना मात्र तो तसा वाटला नाहीं. कां वाटला नाहीं, हाच आजचा विषय आहे.

अमेरिकेंत १८१० सालीं परदेशी धर्मप्रसारासाठीं 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था निघाली. तिनें १८१२ मध्यें पाठविलेल्या पहिल्या तुकडींत हॉल होते. ते समुद्रावर असतांनाच इंग्लंड-अमेरिकेचें युद्ध जुंपलें. कंपनी सरकारला मिशनऱ्यांचें आधींच वावडें. त्यांत हे शत्रुराष्ट्राचे प्रजाजन! कलकत्त्यास हुकूम झाला, परत जा. हॉल आणि त्यांचे सोबती सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस येऊन थडकले, तों तेथेंही तोच हुकूम. इंग्लंडास रवानगी होणार असें दिसतांच दोघे गुपचूप गलबतानें कोचीनला निसटले, आणि तेथून त्यांना परत आणण्यांत आलें. हा पळून जाण्याचा प्रकार मला फारसा शोभादायक वाटत नाहीं. गव्हर्नर सर ईव्हान नेपिअन यांनाही तो आवडला नाहीं. परंतु त्यानंतर हॉल यांनीं गव्हर्नरांना जे अर्ज लिहिले, ते वाचण्यासारखे आहेत. त्यांत गयावया नाहीं. आम्ही आमच्या धन्याच्या आज्ञेनें आलों आहों, आपण सत्तेच्या जोरावर आम्हांस घालवूं शकतां, मात्र त्याचा जाब आपणांसही त्याच धन्याला द्यावा लागेल, असा त्यांचा आशय आहे. कंपनीच्या १८१३ च्या नव्या सनदेनें वारा फिरला, आणि १८१४ मध्यें त्यांना राहण्याची परवानगी मिळाली.

परवानगी मिळाली, पण माणसें टिकेनात. सॅम्युएल न्यूएल यांची पत्नी हॅरिएट ही मुंबई पाहण्यापूर्वींच, १८१२ सालीं, मॉरिशस बेटांत वारली. तिला विसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. नॉट प्रकृती बिघडल्यामुळें १८१५ मध्यें गेले. न्यूएल १८२१ मध्यें मुंबईंत पटकीनें वारले.

"फळ देवाच्या हातीं" हें वाक्य ऐकलें कीं आपल्याला गीतेंतील कर्मफलाचा विचार आठवतो. साम्य आहे खरें, पण दोन्ही एकच नव्हेत. तेथें साधकानें फळाची आसक्तीच सोडावयाची असते. ख्रिस्ती सेवकाला पिकाची ओढ असते, ती लपविण्याचें त्याला कारणही वाटत नाहीं. फक्त तें पीक आपलें नव्हे, धन्याचें, असें तो मानतो. संत पौलानें करिंथच्या मंडळीला लिहितांना हीच गोष्ट शेताच्या उपमेनें सांगितली: लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढ मात्र देवाची.

या श्रद्धेचा परिणाम माणूस स्वस्थ बसण्यांत झाला असता, तर ती आळसाची सबब ठरली असती. हॉल-न्यूएल यांनीं १८१८ मध्यें एक पुस्तिका लिहिली. जगांतील साठ कोटी लोकांपर्यंत धर्म पोंचविण्यास किती उपदेशक लागतील, याचा त्यांनीं तींत चक्क हिशेब मांडला! फळ देवावर सोपविणारीं माणसें मेहनतीचा भाग मात्र पैपैनें मोजीत होतीं. हॉल मराठी शिकले, रस्त्यांत आणि देवळांपुढें बोलूं लागले, शाळा निघाल्या. मिशनचा छापखाना १८१७ मध्यें चालू झाला. मुलींची शाळा १८२४ मध्यें निघाली. मराठी नवा करार पुरा छापून झाला तो १८२६ सालीं, म्हणजे हॉल गेले त्याच वर्षीं.

आतां पिकाची गोष्ट. गणपत कृष्णाजी यांनीं अमेरिकन मिशनच्या छापखान्याचें काम पाहून स्वतःचा शिळाछापखाना उभारला, आणि १८३१ मध्यें त्यावर छापलें काय, तर मराठी पंचांग! मूर्तिपूजेवर कोरडे ओढणाऱ्या हॉल यांना हें पाहून काय वाटलें असतें, याची कल्पना करवत नाहीं. कांहीं वर्षांनीं त्याच मिशनच्या छापखान्यांत जावजी दादाजी नांवाचा एक गरीब मुलगा कामाला लागला. तेथें तो खिळ्यांची विद्या शिकला, आणि १८६९ मध्यें त्यानें निर्णयसागर छापखाना काढला. कालिदासादिकांचे ग्रंथ तेथून सुबक नागरी अक्षरांत देशभर गेले. हें देवानें घडविलें कीं योगायोगानें घडलें, याचा निवाडा इतिहासकारानें करूं नये. त्यानें एवढेंच नोंदवावें कीं मिशनच्या अहवालांत बाप्तिस्म्यांचा रकाना होता, यासाठीं मात्र रकाना नव्हता.

ज्या रकान्याची हॉल यांना तळमळ होती, तोही अगदींच रिकामा राहिला नाहीं. मिशनचें काम १८३१ मध्यें अहमदनगरास गेलें, आणि तेथें १८४२ मध्यें 'ज्ञानोदय' पत्र निघालें. पुढें याच मराठी मिशनमध्यें नारायण वामन टिळक यांनीं काम केलें आणि ख्रिस्तभक्ति अभंगांत गाइली. त्यांचा बाप्तिस्मा मुंबईंत १८९५ सालीं झाला. तेव्हां हॉल यांना जाऊन एकुणसत्तर वर्षें लोटलीं होतीं.