सातवीच्या वहीतला इतिहास

सातवीत असताना मराठीच्या तासाला 'माझा आवडता सण' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. रमजान ईद होऊन आठवडाही झाला नव्हता. अम्मीने केलेल्या शिरखुर्म्याची चव अजून जिभेवर होती. तरीही मी निबंध लिहिला तो दिवाळीवर. पहाटेचं उटणं, अंगणातली रांगोळी, आकाशकंदील आणि 'आमच्या घरचा' फराळ. गाइडमध्ये तसंच होतं. दहापैकी आठ गुण मिळाले, शेरा 'छान'.

गुरुजींनी मला ईदवर लिहू नको असं कधीच सांगितलं नव्हतं. शाळेच्या वहीत आपलं घर आणायचं नसतं, हे मी कुणी न सांगताच शिकलो होतो.

बऱ्याच वर्षांनी मुक्ता साळवेचा निबंध वाचनात आला आणि ती वही आठवली. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, पुढे मांग-महारांच्या मुलांसाठी शाळा सुरू केल्या. मुक्ता त्यांची विद्यार्थिनी, मांग समाजातली, वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये 'ज्ञानोदय'ने दोन भागांत छापला. आजच्या हिशेबाने आठवी-नववीतल्या मुलीचं हे लेखन. आज ते दलित साहित्याच्या इतिहासात पहिल्या काही पानांवर येतं.

त्या काळी 'लिहिणं' म्हणजे काय होतं, हे इथे लक्षात घ्यावं लागतं. पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोडीचा कित्ता काढायचा, पावकी-निमकी घोकायची. चांगला विद्यार्थी म्हणजे वळणदार अक्षर आणि पक्कं पाठांतर. स्वतःला काय वाटतं ते लिही, असं कुणी विचारत नसे. फुल्यांच्या शाळेत मुक्ताच्या हातात लेखणी आली, आणि तिने दुसऱ्याचा कित्ता न गिरवता आपल्या वस्तीची कहाणी लिहिली.

काय लिहिलं तिने? वेद फक्त ब्राह्मणांचे, आम्ही ते पाहूही शकत नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा थेट सवाल तिने देवालाच केला. इमारतीच्या पायात जिवंत पुरल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहिलं. बाळंत होताना डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांबद्दल लिहिलं. पेशवाई संपून तेव्हा जेमतेम ३७ वर्षं झाली होती. ज्यांनी तो काळ भोगला, ती माणसं तिच्या घरात, शेजारात हयात होती. तिने त्यांचं ऐकलं, स्वतःचं पाहिलं आणि कागदावर उतरवलं. शेवटी आपल्या लोकांना शिकण्याची कळकळीची विनंती केली. बखरकार ज्यांच्याबद्दल गप्प राहिले, त्यांचा इतिहास शाळेतल्या एका मुलीच्या निबंधात सापडतो.

याच कहाणीत आपल्याही दोन नावांची नोंद आहे. जोतीरावांचं शिक्षण मधेच थांबलं होतं. त्यांना पुन्हा शाळेत घालावं म्हणून वडील गोविंदरावांचं मन वळवणाऱ्यांत लिजिट साहेबांबरोबर मुन्शी गफ्फार बेग होते. दुसरं नाव फातिमाचं. १० ऑक्टोबर १८५६ ला सावित्रीबाईंनी माहेरी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिलं. आपण आजारी असल्याने शाळेचा भार फातिमावर पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही, असा त्यात उल्लेख आहे.

फातिमाबी आपल्यापर्यंत पोहोचतात त्या अशा, दुसऱ्याच्या पत्रातल्या एका वाक्यातून. त्यांच्या हातचं पान आपल्याकडे नाही. म्हणूनच त्यांच्याबद्दल आज इतके वाद घालता येतात. मुक्ताबद्दल तसं होत नाही, कारण तिची वही छापली गेली. शिक्षिका मागे पडली आणि विद्यार्थिनी इतिहासात राहिली, ती केवळ त्या एका निबंधामुळे. मला यातून एकच धडा दिसतो. आपण आपलं लिहिलं नाही, तर आपण होतो की नव्हतो याचा निवाडाही दुसरेच करतात.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं, याची यादी दिली. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, व्याकरण, इतिहास-भूगोल यांच्या जोडीला शेतीची आणि आरोग्याचीही माहिती हवी, असं त्यांनी मांडलं. मुलाच्या घरी जे आहे ते शाळेत यावं, हा त्यामागचा आग्रह.

आज मी स्वतः सातवीला मराठी शिकवतो. मागच्या वर्षी 'माझ्या घरातली एक व्यक्ती' हा निबंध दिला होता. एका मुलीने तिच्या दादीवर लिहिलं. दादी पहाटे फजरला उठते, मग जुन्या कपड्यांची गोधडी शिवायला बसते, नातवंडांशी दखनीत बोलते. मधेच दादीचं एक वाक्य तिने जसंच्या तसं दखनीत उतरवलं होतं. माझा लाल पेन सवयीने त्यावर गेला. 'दादी' खोडून 'आजी' लिहिलंही. मग हात थांबला. तीस वर्षांपूर्वी मी जे कुणी न सांगता शिकलो होतो, ते आता मी सांगून शिकवत होतो.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या. 'आजी' खोडून पुन्हा 'दादी' लिहिलं आणि दखनी वाक्याला अवतरणचिन्हं दिली. वही परत देताना तिने ती खाडाखोड पाहिली आणि विचारलं, "सर, दादी चालतं ना?"

म्हटलं, "चालतं. आणि ही वही रद्दीत देऊ नकोस."