उघडें पत्र

‘पेटंट’ हा शब्द महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत कायद्याच्या दारानें आला नाहीं. तो औषधांच्या कपाटांतून आला. बाटलीवर कोणा साहेबाची सही, खालीं ‘अनेक विकारांवर रामबाण’ असा मजकूर, आणि आंत काय आहे याचा पत्ता नाहीं, अशा औषधास जुनीं माणसें पेटंट औषध म्हणत. पेटंट म्हणजे कांहींतरी झांकून ठेवलेलें, दुसऱ्याच्या हातीं लागूं नये म्हणून कुलुपांत घातलेलें, अशी जी समजूत तेव्हां रुजली ती अद्याप निघालेली नाहीं. गंमत अशी कीं, त्या बाटल्यांपैकीं बहुतेकींस खरें पेटंट कधीं नव्हतेंच! तें मागावयाचें तर आंत काय घातलें आहे हें सरकारास लिहून द्यावें लागे, आणि तेवढेंच तर त्या औषधवाल्यांस नको होतें. म्हणून ते बाटलीवरचें नांव व चिन्ह आपलें म्हणून राखीत, आणि पाठ गुप्त ठेवीत.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘उघडा’ असा आहे. इंग्लंडच्या राजाकडून निघणारीं पत्रें दोन प्रकारचीं असत. एक मिटून मोहोर लावलेलीं, म्हणजे मोहोर फोडल्यावांचून वाचतां न येणारीं; दुसरीं खुलीं, मोहोर खालीं लोंबत असलेलीं, कोणीही वाचावीं अशीं. या दुसऱ्यांस ‘लेटर्स पेटंट’ म्हणत. आपल्याकडील सनदेशीं त्यांचें नातें जवळचें आहे. शोधकांच्या हक्कास कायद्याचें रूप प्रथम व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें १४७४ सालीं दिलें: नवी युक्ति काढून ती नोंदविणाऱ्याच्या संमतीवांचून दहा वर्षें दुसऱ्या कोणीं ती करूं नये. इंग्लंडांत मात्र ही सनद मध्यंतरीं नासली. एलिझाबेथ राणीनें मर्जींतल्या मंडळींस खेळण्याचे पत्ते, शिरका असल्या वस्तूंचे मक्ते वांटले. त्यांत नवें कांहीं नव्हतें, नवी होती ती फक्त किंमत. अखेर १६२४ सालीं पार्लमेंटानें मक्ते बंद केले, पण एक अपवाद राखला. नव्या कारागिरीच्या खऱ्या व पहिल्या शोधकास चौदा वर्षेंपर्यंत हक्क देतां येई. पुढें यांतूनच असा सौदा ठरला कीं, शोधकानें आपली कृति इतकी स्पष्ट लिहून द्यावी कीं त्या धंद्यांतल्या जाणत्यास ती करतां यावी. त्याच्या मोबदल्यांत कांहीं वर्षें इतरांस मना करण्याचा अधिकार घ्यावा. आणि मुदत सरली कीं ती कृति सर्वांची व्हावी.

आपल्या देशांत हा कायदा १८५६ सालीं आला. त्या वर्षीं ३ मार्च रोजीं कलकत्त्याचे इंजिनिअर जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनीं पंखा ओढण्याच्या यंत्रासाठीं अर्ज केला, आणि हिंदुस्थानांतील पहिला शोधहक्क त्यांस मिळाला. दिवाणखान्यांत साहेब, आणि बाहेर व्हरांड्यांत दोरी ओढतां ओढतां डुलक्या घेणारा पंखेवाला, हें ज्या काळाचें चित्र, त्या काळांत पहिला हक्क पंख्याचा असावा यांत नवल नाहीं. पंखेवाल्याची सुटका मात्र त्या यंत्रानें झाली नाहीं. ती पुढें विजेच्या पंख्यानें केली. दुसऱ्याच वर्षीं तो कायदाही रद्द झाला, कारण तो करण्यापूर्वीं राणीची मंजुरी घेतलेली नव्हती. सनद देणाऱ्या कायद्यालाच सनद नव्हती! १८५९ सालीं तो नव्यानें करण्यांत आला. त्यानंतर १९११ चा व १९७० चा असे मोठे कायदे झाले. १९७० चाच कायदा दुरुस्त्यांसह आज चालू असून त्यांत हक्काची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षें आहे.

या सर्व इतिहासांत आमचें मन वारंवार जातें तें जगदीशचंद्र बोस यांच्याकडे. १८९९ सालीं त्यांनीं विद्युत्‌लहरी टिपणारें पाऱ्याचें एक साधन रॉयल सोसायटीपुढें मांडलें व छापून जगाला देऊन टाकलें. १९०१ च्या डिसेंबरांत मार्कोनीनें अटलांटिकपलीकडून संदेश टिपला तो तशाच जातीच्या पाऱ्याच्या साधनानें. परंतु तें इटालियन आरमाराचें म्हणून गाजलें, आणि तें खरें कोणाचें यावर वाद माजला तेव्हां बोसांचें नांव घेण्याची कोणास आठवण झाली नाहीं. त्याच वर्षीं मे महिन्यांत बोस लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें व्याख्यान देणार होते. व्याख्यानापूर्वीं एका तार कंपनीचा धनाढ्य मालक पेटंटाचा कागद हातांत घेऊन त्यांच्याकडे आला, ही हकीकत त्यांनीं रवींद्रनाथांस पत्रानें कळविली आहे. एवढा पैसा असलेला मनुष्य आणखी पैशासाठीं याचकासारखा येतो, याचीच बोसांस किळस आली, आणि त्यांनीं त्यास परत लावलें.

भगिनी निवेदिता आणि अमेरिकन स्नेही सारा बुल यांना हा वैराग्याचा बाणा परवडणारा वाटला नाहीं. त्यांच्या आग्रहानें ३० सप्टेंबर १९०१ रोजीं अमेरिकेंत अर्ज दाखल झाला, आणि २९ मार्च १९०४ रोजीं ७५५८४० क्रमांकाचें पेटंट बोसांस मिळालें. शोध होता गॅलिना या खनिजाच्या स्फटिकानें लहरी टिपण्याचा, म्हणजे पुढील अर्धवाहकांच्या युगाचा पूर्वजच. त्या हक्कावर बोसांनीं पैसा मिळविला नाहीं. १९१७ सालीं स्वतःची संस्था स्थापन केली तेव्हां तेथील शोधांवर पेटंट घ्यावयाचें नाहीं असें त्यांनीं जाहीर केलें. त्यांच्या निःस्पृहतेपुढें आम्ही नम्र आहों. तरीही आम्हांस वाटतें कीं, पेटंट म्हणजे ज्ञान कोंडणें ही त्यांची समजूत औषधाच्या बाटलीवाल्यांच्या समजुतीहून फारशी निराळी नव्हती. स्फटिकाचें तें पेटंट कोणासही उघडून वाचतां येतें; अर्धवाहकांचा इतिहास लिहिणारे आज बोसांच्या अग्रक्रमाची साक्ष काढतात ती त्यांतूनच.

आपल्या घरांतील एखाद्या मुलानें कांहीं नवें यंत्र जुळविलें, तर त्याचे आईबाप प्रथम तें दहा जणांस दाखवितात, वर्तमानपत्रांत फोटो देतात. अर्जाचा विचार मागाहून. येथेंच घात होतो. जें आधीं जाहीर झालें तें कायद्याच्या लेखीं नवें राहत नाहीं. विद्वत्सभेपुढें निबंध वाचणाऱ्यास आपला कायदा बारा महिन्यांची सवलत देतो, पण अनेक परदेशांत तीही नाहीं. म्हणून आधीं अर्ज, मग व्याख्यान. कृति पुरी झाली नसेल तर तात्पुरतें वर्णन दाखल करून तारीख गांठतां येते, व पूर्ण वर्णनास बारा महिने मिळतात. शिवाय निसर्गाचा नियम सांपडला एवढ्यानें पेटंट मिळत नाहीं. त्या नियमानें चालणारी वस्तु किंवा कृति हवी, आणि ती जाणत्या मनुष्यास सहज सुचण्याजोगी नसावी. भारतांत घेतलेला हक्क सीमेपलीकडे चालत नाहीं. बाकीचे हक्क समजण्यास तीच औषधाची बाटली पुरे. आंतील औषध पेटंटाचें, बाटलीचा घाट ‘डिझाइन’चा, दहा वर्षें व वाढवून आणखी पांच, तिच्यावरील नांव व्यापारचिन्हाचें, दर दहा वर्षांनीं नवें करून हवें तितकें टिकणारें, आणि सोबतच्या पुस्तिकेंतील मजकूर ग्रंथहक्काचा, लेखकाच्या हयातींत व पश्चात् साठ वर्षें, तोही नोंदणीवांचून.

नवेपणाच्या याच कसोटीवर १९९७ सालीं एक गाजलेला निकाल लागला. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचें पेटंट १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळालें होतें. आपल्याकडे कोणत्याही स्वयंपाकघरांत यास हंसूं आलें असतें. परंतु त्या काळच्या अमेरिकन कायद्यांत परदेशांतील रूढीस, ती छापील नसेल तर, पुराव्याची किंमत नव्हती. लाखो आज्यांचें तोंडचें सांगणें तेथें शून्य! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें १९९६ सालीं आव्हान दिलें तें संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि भारतीय वैद्यकीय संघाच्या नियतकालिकांत १९५३ सालीं छापलेला एक लेख यांच्या बळावर, आणि तें पेटंट रद्द झालें. जे पाठ आमच्या वैद्यांनीं मुलासही मरतेवेळींच सांगावयाचे म्हणून राखले, त्यांच्या बाजूनें असा कोणता कागद पुढें करतां आला असता?

त्यानंतर २००१ पासून आयुर्वेदादि ग्रंथांतील योग परदेशी भाषांत उतरवून पेटंट-परीक्षकांस दाखविण्यासाठीं एक संगणकीय ग्रंथालय उभें राहिलें. पण तें पुष्कळ वर्षें देशोदेशींच्या पेटंट कचेऱ्यांपुरतेंच, आणि तेंही गुप्ततेच्या करारावर, उघडें होतें. इतरांसही त्याचें दार उघडावें असा ठराव केंद्रीय मंत्रिमंडळानें केला तो २०२२ च्या ऑगस्टांत.