चेंबूरची सुट्टी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सहावीच्या वर्गात मी विचारलं, सुट्टीत काय करणार? मुलांनी भराभर सांगितलं: क्रिकेट, मामूच्या गावी, मोबाईल. मुलींच्या बाकांवरून बराच वेळ काही आलं नाही. मग एकजण म्हणाली, "आपा, घरीच." त्या "घरीच"मध्ये तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. मी स्वतः अकरा वर्षांची होईपर्यंत नानीच्या गावी काजूच्या झाडांखाली उनाडले आहे. बाराव्या वर्षी, कोणी काही न सांगता, ते बंद झालं.

त्या दिवशी पुस्तकातला धडा ठेवून मी वर्गाला सालिम अलींच्या सुट्टीची गोष्ट सांगितली. आपल्याकडे त्यांचं नाव जयंतीला घेतलं जातं, 12 नोव्हेंबरला, आणि तेही "थोर पक्षीतज्ज्ञ" एवढ्यावर आटोपतं. मला त्यांच्या मोठेपणापेक्षा त्यांचं लहानपण अधिक खरं वाटतं.

सालिम यांचा जन्म 1896चा. भावंडांत सगळ्यांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी गिरगावजवळच्या खेतवाडीत त्यांना वाढवलं. सुट्टी लागली की हे सगळं मोठं कुटुंब चेंबूरला जायचं. आज चेंबूर म्हटलं की पूल, रिक्षा आणि कारखान्यांचा वास आठवतो. तेव्हा तिथे प्रवासी रेल्वेसुद्धा नव्हती, ती 1924 साली आली. तेलशुद्धीकरणाचे कारखाने तर पन्नासच्या दशकातले. त्याआधीचं चेंबूर म्हणजे टेकड्या, विरळ रान आणि मुंबईकरांना "गाव" वाटेल अशी शांतता. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलेलं दयाळाचं गाणं सालिम अलींना म्हातारपणीही चेंबूरला घेऊन जायचं. 1985 साली आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी ते लिहिलं आहे.

आता एक गोष्ट मी मुलांपासून लपवली नाही, इथेही लपवत नाही. या मुलाचा खेळ छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारण्याचा होता. मामा शिकारी, घरात शिकारीचं कौतुक. पोरं चिमणी पाडायची, रीतसर हलाल करायची आणि तळून खायची. एकदा तबेल्यात एका घरट्याच्या तोंडाशी बसलेला नर त्याने टिपला. मादीने दुसरा जोडीदार आणला, तोही टिपला. सात दिवसांत आठ नर! हे ऐकून वर्गात एका मुलाने "शाबास" म्हटलं आणि दुसऱ्या मुलीने कान झाकले. दोघांचंही बरोबर होतं, असं मला वाटतं. कारण त्याच मुलाने या प्रकाराची टिपण लिहून ठेवली होती. आठ नर मेले ही क्रूरता खरी. पण प्रत्येक वेळी मादीला नवा नर कुठून मिळतो, हा प्रश्न दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात आला, हेही खरं.

मग ती प्रसिद्ध चिमणी. साल 1908च्या सुमाराचं. पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीची नाही म्हटल्यावर मुसलमानाच्या पोराला पहिली शंका आली ती ही, की ही खाणं जायज आहे का? तो मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता आली नाही. पण "असेल काहीतरी, फेकून दे" असं ते म्हणाले नाहीत. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. 1883 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे सचिव मिलर्ड यांच्या नावे त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. सोसायटीचं बिऱ्हाड तेव्हा अपोलो स्ट्रीटवर, फिप्सन कंपनी या मद्यविक्रेत्यांच्या जागेत होतं. हलाल-हरामची शंका घेऊन निघालेला पोरगा दारूच्या पेढीत पोहोचला, हे सांगताना मला दरवेळी हसू येतं. मिलर्डसाहेबांनी चिमणी ओळखली, पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली, वाचायला पुस्तकं दिली. बाकीची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे.

शाळेत हा मुलगा हुशार नव्हता. डोकेदुखीने बेजार असायचा. 1913 साली मॅट्रिक कसाबसा झाला. पुढे 1930 साली बर्लिनहून शिकून परतला तर हाती नोकरी नव्हती. म्हणून पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिला. तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. रोज बसून पाहिल्यावर त्यांनी दाखवून दिलं, की घरटं विणतो तो नर. अर्धवट विणलेलं घरटं मादी येऊन पाहते, पसंत पडलं तरच राहते, आणि मग नर दुसरं विणायला घेतो. मराठीने या पक्ष्याला बाईचं नाव दिलं आणि बहिणाबाईंनी तिच्यावर कविता केली. मराठीची शिक्षिका म्हणून मला यात कवितेचा दोष दिसत नाही, पण वर्गातल्या मुलींना ही बातमी फार आवडली. पुढची सर्वेक्षणं तहमिनांनी सालिम यांच्यासोबत तंबूत राहून केली, 1939 साली त्या वारल्या तोवर. तेही मी मुद्दाम सांगितलं.

तास संपल्यावर एका मुलीची अम्मी भेटली. म्हणाली, "आपा, ते मोठ्या घरचे. त्यांना बंगला होता, नोकर होते. आम्ही पोरीला दुपारी कुठे सोडायचं?" मला उत्तर देता आलं नाही. चेंबूर सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. एवढंच म्हटलं, की सकाळी सहा ते सात गच्चीवर बसू द्या, वही देते.

जूनमध्ये वही परत आली. बहुतेक पानं कोरी. एका पानावर उर्दूत लिहिलं होतं: काळा-पांढरा पक्षी, शेपूट वर, दर्ग्याच्या भिंतीवर, फजरनंतर लगेच गातो, सोबतची करडी आहे, ती त्याची अम्मी की बेगम? खाली मला प्रश्न होता, मराठीत याला काय म्हणतात.

मी लिहिलं, दयाळ. आणि करडी ती मादी.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "पण आपा, ते दोन महिने रोज तिथेच का बसतात?" ते मलाही पाहायचं आहे. रविवारी फजरनंतर तिच्या गच्चीवर जाणार आहे.