परसातील कोंबडीपालन

अंडी व मांस यांसाठी घराच्या परसात कोंबड्यांचा लहान कळप पाळण्याची पद्धत. पुणे जिल्ह्यातील निमगाव सावा (ता. जुन्नर) यासारख्या गावांत ती शेतीला पूरक ठरते.

जाती : गावठी कोंबडी काटक असते, खुडूक बसून २१ दिवसांत पिले उबवते व स्वतः सांभाळते, मात्र अंडी कमी देते. असील उंच व बळकट असते. झाबुआची (मध्य प्रदेश) कडकनाथ मेलॅनिन रंगद्रव्यामुळे हाडामांसापर्यंत काळी असते. तिच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हैदराबादची वनराज व बंगळूरची गिरिराज या सुधारित जाती गावठीपेक्षा अधिक अंडी देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत.

आरोग्य : मानमोडी (राणीखेत) या विषाणुजन्य रोगाने अख्खा कळप दगावू शकतो. म्हणून पिलांना पहिल्या आठवड्यात त्यावरील लासोटा लस, तर इतर रोगांसाठी दुसऱ्या आठवड्यात गंबोरो व पुढे देवीची लस देतात. ओलसर जागेत रक्ती हगवण पसरते. त्यामुळे खुराडे कोरडे व हवेशीर हवे. नवीन पक्षी काही आठवडे वेगळे ठेवावेत. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत बिबट्यांचा वावर असल्याने रात्री खुराडे भक्कम बंद करणे आवश्यक असते. अचानक मरतूक झाल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे, कारण २००६ मध्ये नवापूर (जि. नंदुरबार) येथे बर्ड फ्लू आढळल्यावर लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या.