चाचणी उपकरणांतील घरगुती संगणक

कारखान्यातील किंवा प्रयोगशाळेतील महागड्या चाचणी उपकरणाचे झाकण उघडले, की आत अनेकदा ओळखीचाच प्रोसेसर दिसतो. उपकरणाची खरी करामत सिग्नल पकडणाऱ्या सर्किटमध्ये असते. पडदा, बटणे आणि मापनाचा हिशेब सांभाळायला बाजारात सहज मिळणारी चिप पुरते.

बिघडलेले मायक्रोप्रोसेसर बोर्ड तपासणाऱ्या फ्ल्यूक ९०१०ए या यंत्रात झेड८० होता, म्हणजे टीआरएस-८० आणि झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकांचाच प्रोसेसर. तंत्रज्ञ बिघडलेल्या बोर्डावरची प्रोसेसर चिप सॉकेटमधून उपटून काढी आणि तिथे यंत्राचा ‘पॉड’ खोची. मग रॅम, रॉम आणि बस यांची तपासणी बाहेरून होई. मृतवत बोर्ड असा बोलता करण्याची ही युक्ती फारच सुंदर. व्हिडिओ गेमची जुनी यंत्रे दुरुस्त करणारे आजही हे यंत्र जपून वापरतात.

ह्युलेट-पॅकार्डच्या १६५००ए लॉजिक ॲनालायझरमध्ये मोटोरोला ६८००० होता. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्येही तोच.

१९९७ मध्ये ह्युलेट-पॅकार्डचेच ‘इन्फिनियम’ ऑसिलोस्कोप आले, तेव्हा विंडोज ९५ चालवणारा आख्खा पीसीच आत बसला. माऊस जोडता येऊ लागला, आलेख फ्लॉपीवर उतरू लागले. पण पीसीची दुखणीही सोबत आली. हार्ड डिस्क निकामी झाली, की मोजणारे सर्किट धडधाकट असूनही उपकरण सुरू होत नाही. म्हणून जाणकार मंडळी अशा डिस्कची प्रत वेळीच काढून ठेवतात.