गळाच्या दोरीचे मोल

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आपल्या कोळीवाड्यांविषयी, देवस्थानांविषयी आणि जुन्या मानकऱ्यांविषयी पूर्वीच्या अंकांतून पुष्कळ लिहून झाले आहे. यंदा आम्ही जो विषय घेतला आहे, तो प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. परंतु तो आमच्या घरात एका पत्राच्या रूपाने चालत आला, हे आरंभीच सांगितले पाहिजे.

आमचा एक भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत टेक्सास राज्यात राहतो. सुट्टीच्या दिवशी मुलाला घेऊन तो तेथील एका जलाशयावर गरवायला जाऊ लागला आहे. रक्तातील ओढ म्हणतात ती हीच असावी. त्याने लिहिले, “मामा, इथे दुकानात गळाच्या दोरीची रिळे भिंतभर मांडलेली असतात. एकाच्या किमतीत दुसऱ्याची चार यावीत. सगळ्यांवर ‘उत्तम’ असेच छापलेले. तुमचा जन्म जाळ्यात आणि दोरात गेला. महाग घ्यावी की स्वस्त, तुम्हीच सांगा.” आम्हांस डोल ठाऊक, पाग ठाऊक, त्या परक्या माशाशी आमची ओळख नव्हती. म्हणून आम्ही वाचनास लागलो, आणि वाचता वाचता भाच्याचा प्रश्न मागे राहून दोरीचा पाचशे वर्षांचा इतिहासच पुढे उभा राहिला.

ज्या माशासाठी हा सारा खटाटोप, त्याचे नाव ब्लॅक बास. हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा मासा. मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा असे याचे दोन प्रकार विशेष प्रसिद्ध आहेत. आपल्या जिताड्यालाही इंग्रजीत ‘सी बास’ म्हणतात खरे, परंतु दोघांचे कूळ एक नव्हे. स्वभाव मात्र ज्याने जिताडा पाहिला आहे त्याला ओळखीचा वाटेल. मोठ्या तोंडाचा बास उघड्या पाण्यात फारसा फिरत नाही. बुडालेले झाड, पाणवनस्पतींचे रान, धक्क्याचा खांब अशा आडोशाला तो दबा धरून बसतो, आणि भक्ष्य जवळ आले की एकाच झेपेत तोंडात घेऊन पुन्हा आडोशाकडे वळतो. दोरीची खरी परीक्षा या वळण्याच्या क्षणी होते. डॉ. जेम्स हेन्शॉल या वैद्याने १८८१ साली या एका माशावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तेव्हापासून अमेरिकेत त्याची प्रतिष्ठा वाढत गेली.

परंतु दोरीची कथा त्याहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली गळाच्या मासेमारीवर एक पुस्तिका छापली गेली. तीत दोरी विकत घेण्याचा प्रश्नच नाही. दोरी घरी करावयाची. पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचे लांब केस घ्यावे, ऋतूप्रमाणे पाण्याचा जो रंग असेल त्या रंगात ते रंगवावे आणि पीळ द्यावा, असा तिचा उपदेश आहे. अगदी चिमुकल्या माशासाठी एक केस आणि सामन माशासाठी पंधरा केस, अशी तिने मोजणीही लावून दिली आहे. जाडी, बळ आणि पाण्यात न दिसणे या तिन्ही गोष्टींचा मेळ घालण्याची विवंचना पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या पानांवरही आहे, हे वाचून आम्ही थक्क झालो. भाच्याच्या दुकानातील भिंतभर रिळांवर याहून निराळे काय छापलेले असते?

घोड्याच्या केसानंतर तातीचा प्रयोग झाला. सॅम्युएल पेपिस या इंग्रज अधिकाऱ्याने १६६७ सालच्या आपल्या रोजनिशीत रोगण दिलेल्या तातीची, ती केसाहून बारीक आणि बळकट असल्याची, नोंद केली आहे. पुढे युरोपात रेशमाच्या किड्याची तात रूढ झाली. स्पेनमधील मुर्सिया प्रांत यासाठी नावाजलेला होता. कोश विणण्याच्या बेतात आलेला किडा शिर्क्यात घालीत आणि त्याच्या पोटातील रेशमाची ग्रंथी हाताने ओढून तिचा तंतू काढीत. तो जेमतेम हात-दीड हात लांब भरे. म्हणून तो गळाजवळच्या शेवटच्या तुकड्यापुरताच वापरीत. कोरडा असताना गाठ मारली तर तो कडकन मोडे, म्हणून आधी भिजत घालावा लागे. पूर्वेकडे चीन व जपान या देशांत रानरेशमाच्या किड्यापासून अशीच तात काढीत. जपानी भाषेत तिला ‘तेगुसू’ म्हणतात. नायलॉनच्या दोरीला आपण ‘तंगूस’ म्हणतो. हे ध्वनिसाम्य वाचकांच्या कानांतून सुटणार नाही.

अमेरिकेतील बासच्या मासेमारीला खरी चालना मिळाली ती एका घड्याळजीमुळे. केंटकी राज्यातील पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दातेरी चाकांचे रीळ घडविले. मूठ एकदा फिरविली की दोरीचे भेंडोळे कित्येक फेरे फिरे. त्यामुळे आमिष दूर फेकता येऊ लागले आणि तितक्याच त्वरेने परत ओढता येऊ लागले. अशा रिळावर ताठ दोरी चालत नाही, मऊच लागते. म्हणून वेणीसारखी विणलेली रेशमी दोरी पुढे सर्वमान्य झाली. त्या काळी ‘उंची दोरी’ याचा अर्थ शुद्ध रेशमाची, सारख्या विणीची दोरी, एवढाच होता. ती मऊ होती, बळकट होती, परंतु तिची सेवा फार. दिवसभर पाण्यात भिजलेली दोरी संध्याकाळी रिळावरून सोडवून वाळत घालावी लागे. हा आळस ज्याने केला त्याची दोरी आतून कुजे, आणि हे त्याला कळे ते नेमका मोठा मासा लागल्यावर.

या रेशमी दोरीवरच बासचा जगातील सर्वांत मोठा मासा धरला गेला. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातील माँटगोमेरी लेक या तळ्यात जॉर्ज पेरी नावाच्या वीस वर्षांच्या शेतकरी तरुणाने तो धरला. वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोग्रॅमहून किंचित अधिक. काळ महामंदीचा, पेरी आणि त्याचा मित्र या दोघांत मिळून एकच काठी आणि एकच रीळ. मासा तोलून नोंदविला, आणि मग घरी नेऊन कुटुंबाने खाल्ला! दाराशी आलेला मोठा मासा पोराबाळांच्या ताटात पडावा, यात आपल्या वाचकांना काही नवल वाटणार नाही; तिकडच्या लेखकांना मात्र अजून वाटते. या वजनाची बरोबरी व्हावयास सत्याहत्तर वर्षे लागली. २ जुलै २००९ रोजी जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी पेरीपेक्षा औंसभरानेही अधिक नसलेला मासा धरला. विक्रम मोडण्यास निदान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची नावे बरोबरीने लावली जातात. जपानमध्ये हा मासा १९२५ साली अमेरिकेतून नेऊन सोडलेला. तेथील मूळच्या माशांचा त्याने इतका फडशा पाडला, की २००५ साली सरकारने त्याला उपद्रवी परकीय प्राणी ठरविले. विक्रमाचे कौतुक करताना ही दुसरी बाजू झाकू नये.

आता रेशमाचे राज्य संपविणाऱ्या शोधाकडे वळू. ड्यू पाँ या अमेरिकन कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन प्रथम तयार झाले. दुर्दैव असे की २७ ऑक्टोबर १९३८ रोजी ते जगापुढे आले, त्याच्या आधीच, एप्रिल १९३७ मध्ये, खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्या त्या पुरुषाने आपले जीवन संपविले होते. नायलॉन प्रथम दात घासण्याच्या कुंचल्यांत आले, १९४० साली स्त्रियांच्या पायमोज्यांत आले, युद्धात विमानछत्र्यांसाठी लागले. युद्धामुळे जपानचे रेशीम अमेरिकेस मिळेनासे झाले, हेही नायलॉनच्या पथ्यावर पडले. एकाच अखंड तंतूची नायलॉनची दोरी कुजत नव्हती, वाळत घालावी लागत नव्हती. पण आरंभीची दोरी तारेसारखी ताठ. रिळावरून उसळून तिचा गुंता होई. ती सोईस्करपणे सुटावी अशी रिळे आल्यावर तिचे दिवस आले. त्यांतील एक झाकणबंद रीळ १९४९ साली ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे तयार झाले. कारखाना तेलविहिरींत उडवावयाच्या सुरुंगांचा आणि कल्पना सुचली आर. डी. हल या घड्याळजीला! बासच्या इतिहासात घड्याळजी दोनदा यावेत, ही गंमतच. पुढे १९५८ च्या सुमारास ड्यू पाँनेच मऊ व सारख्या जाडीची सुधारलेली दोरी बाजारात आणली. या काळात ‘उंची’ शब्दाचा अर्थ बदलला. सगळीकडे सारखी जाडी असणारी दोरी ती उंची दोरी, असे झाले.

पुढचा मोठा बदल जपानमधून आला. कुरेहा या कंपनीने १९७१ साली फ्लुओरोकार्बनची दोरी विक्रीस काढली. पाण्यात प्रकाश जितका वाकतो, त्याच्या बराच जवळपास तो या दोरीत वाकतो. पाण्याचा अंक १.३३, या दोरीचा १.४२ आणि नायलॉनचा १.५ च्या वर. म्हणून ती पाण्यात कमी दिसते. शिवाय ती पाण्याहून पावणेदोन पट जड, त्यामुळे बुडते. दगडावर घासली तरी तग धरते. मात्र ताठ, आणि महाग. त्यानंतर १९९० च्या दशकात विणलेली दोरी नव्या रूपात परतली. या वेळी रेशमाची नव्हे, तर अतिशय लांब साखळीच्या पॉलिएथिलीनच्या तंतूंची. तो तंतू हॉलंडमधील संशोधकांच्या परिश्रमाचे फळ. पन्नास पौंड भार सोसणारी ही दोरी बारा पौंडांच्या नायलॉनएवढी बारीक असते, आणि ती जवळजवळ ताणली जात नाही. माशाने आमिषाला नुसते तोंड लावले तरी हाताला कळते. तिचे दोष दोन. स्वच्छ पाण्यात ती ठळक दिसते, आणि अंगाने निसरडी असल्यामुळे साधी गाठ सुटून येते.

गाठीचा विषय निघाला म्हणून एक जुनी कबुली देतो. आमच्या तरुणपणी खाडीच्या तोंडाशी एका पहाटे आमच्या गरीला जिताडा लागला. तंगूस नवा होता आणि त्या वेळच्या मानाने भारी किमतीचा. थोरल्या काकांनी सांगितले होते, “गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली कर.” आम्ही घाईत कोरडीच आवळली. कोरडी आवळताना घर्षणाने तंतू भाजल्यासारखा होऊन गाठीपाशीच दुबळा होतो, हे आज पुस्तकात वाचतो. त्या दिवशी ते होडीच्या काठाशी कळले. काका काही बोलले नाहीत. तुटलेल्या टोकाचा पिळवटलेला शेंडा तेवढा त्यांनी आमच्या हातात ठेवला.

दोरीच्या अंगी कितीही बळ असो, वाईट गाठ ते कित्येकदा निम्म्यावर आणते. रिळावरील पौंडांचा आकडा गाठ नसलेल्या दोरीचा असतो. तोही सर्वत्र एका मापाने छापलेला नसतो. एक विचित्र प्रकार असा, की विक्रमाच्या नोंदीसाठी काही दोऱ्या मुद्दाम वेगळ्या विकतात. त्यांची हमी उलटी असते. ओली असताना छापलेल्या भाराच्या आतच ही दोरी तुटेल, अशी! न तुटण्याबद्दल नव्हे, वेळेवर तुटण्याबद्दल अधिक पैसे मोजावयाचे, हे ऐकून आमच्या घरातील मंडळी पोट धरून हसली.

परंतु एका गोष्टीचा हिशेब कोणत्याही रिळावर छापलेला नसतो. रेशीम कुजत होते, हा त्याचा दोष आपण वर सांगितला. तो पाण्याच्या दृष्टीने दोष नव्हता. आमच्या आजोबांची जाळी तागाच्या आणि कापसाच्या सुताची असत. ती टिकावीत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत. त्या काढ्याचा वास आमच्या लहानपणीच्या अंगणाला होता. तरीही ती कुजतच, आणि समुद्रात हरवलेले जाळे काही काळाने नाहीसे होई. घरात पहिले नायलॉनचे जाळे आले तेव्हा घरच्या बायकांनी त्याची ओटी भरली, इतका आनंद झाला होता. तो आनंद खोटा नव्हता, कारण जाळी शिवण्याचे निम्मे आयुष्य वाचले. पण आज तुटलेले नायलॉन समुद्रात वर्षानुवर्षे मासे धरीतच राहते. ते वर काढणारे कोणी नसते. त्यात अडकून जखमी झालेली कासवे आपल्या किनाऱ्याला लागतात, आणि डहाणू येथे त्यांच्यावर उपचार करणारे केंद्र चालते. जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र सरकार २०१८ पासून भरपाई देत आले आहे. आपल्यापैकी काही घरांनी ती घेतलीही असेल. अमेरिकेत बऱ्याच तळ्यांकाठी जुनी दोरी टाकण्यासाठी नळकांडी उभी केलेली असतात. आपल्या बंदरांवर अशी सोय मुबलक असती तर आम्हांस हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

भाच्याला आम्ही उत्तर लिहिले ते असे. तुझ्या जलाशयात बुडालेली झाडे आणि हायड्रिला वनस्पतीचे रान आहे. तेथे विणलेली पन्नास पौंडांची दोरी घे, आणि पैसे खर्चावयाचे ते तिच्यावर खर्च. पाणी नितळ आणि तळ दगडांचा असेल त्या दिवशी फ्लुओरोकार्बन वापर. पाण्यावर तरंगणारे आमिष टाकणार असशील तर साधे नायलॉन बरे. बुडणारी दोरी त्या आमिषाचे नाक खाली ओढते. नायलॉन उन्हाने निकामी होते, म्हणून ते स्वस्तातले घेऊन दर हंगामाला बदलावे. गाठ ओली करावी.

महिन्याभराने त्याचे उत्तर आले. स्वतःसाठी त्याने विणलेली दोरी घेतली होती, मुलासाठी चार डॉलरचे नायलॉन. जुनी दोरी मुलानेच गुंडाळून काठावरच्या नळकांड्यात टाकली. मासा मिळाला तो मुलाला, नायलॉनवर; आणि तो त्यांनी पुन्हा पाण्यात सोडला, हे वाचून आमच्या बहिणीने मात्र कपाळाला हात लावला.