कीवर्ड संशोधन (पे-पर-क्लिक जाहिरातींसाठी)

कीवर्ड संशोधन : गूगलसारख्या शोधयंत्रावर लोक कोणते शब्द टाइप करतात, महिन्याला किती वेळा करतात आणि त्यामागे खरेदीचा इरादा किती असतो, याची जाहिरातीवर पैसे लावण्याआधी केलेली पाहणी. पे-पर-क्लिक (पीपीसी) पद्धतीत जाहिरात नुसती दिसल्याचे पैसे लागत नाहीत, तिच्यावर क्लिक झाल्याचे लागतात. क्लिक करणारा गिऱ्हाईक असो वा वाट चुकलेला माणूस, पैसे कापले जातातच. त्यामुळे मोजके भांडवल असलेल्या दुकानदारासाठी ही पाहणी जाहिरातीच्या मजकुराहूनही महत्त्वाची ठरते.

इतिहास : शोधशब्दांचा लिलाव करून क्लिकमागे पैसे घेण्याची पद्धत अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने १९९८ मध्ये आणली. २००१ मध्ये या कंपनीचे नाव ओव्हर्चर झाले आणि २००३ मध्ये ती याहूने विकत घेतली. गूगलची अ‍ॅडवर्ड्स सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झाली आणि २००२ मध्ये तिने क्लिकमागे बोली ही रीत स्वीकारली. २०१८ पासून ती ‘गूगल अ‍ॅड्स’ या नावाने चालते. मागणी पाहण्यासाठी गूगल ट्रेंड्स २००६ मध्ये, तर कीवर्ड प्लॅनर २०१३ मध्ये उपलब्ध झाले.

साधने : कीवर्ड प्लॅनर एखाद्या शब्दाचे सरासरी मासिक शोध, जाहिरातदारांमधील स्पर्धा आणि पानाच्या वरच्या भागात दिसण्यासाठी लागणारी कमी-जास्त बोली दाखवतो. खात्यावर खर्च नसेल तर शोधांचा नेमका आकडा न येता ‘१०० ते १ हजार’ असा ढोबळ पट्टा येतो. ट्रेंड्स प्रत्यक्ष संख्या देत नाही. तो ० ते १०० अशा सापेक्ष मापात चढउतार दाखवतो. दिवाळी, लग्नसराई यांसारखे हंगाम ओळखण्यासाठी तो उपयोगी पडतो. या दोन्हींच्या आधी पाहावी अशी गोष्ट म्हणजे दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फोनवर गिऱ्हाइकांनी वापरलेले शब्द. शब्दांची पहिली यादी तिथूनच तयार होते.

विठ्ठलवाडी परिसरातील उदाहरण : विठ्ठलवाडी हे मध्य रेल्वेवर कल्याण आणि उल्हासनगर यांच्यामधले स्थानक. त्याच मार्गावर पुढे अंबरनाथ आणि बदलापूर लागतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिलेले आणि १९४९ मध्ये नाव मिळालेले उल्हासनगर फर्निचर आणि जीन्सच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. इथल्या व्यापाऱ्याने गावाचे नाव हाच कीवर्ड धरला तर आकडा मोठा दिसतो, पण तो फसवा असतो. ‘बदलापूर’ शोधणाऱ्यांत श्रीराम राघवन यांचा २०१५ मधील हिंदी चित्रपट पाहू इच्छिणारे असतात, उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातल्या बदलापूरचे रहिवासीही असतात. ‘अंबरनाथ’ या शब्दामागे इ. स. १०६० च्या शिवमंदिराच्या दर्शनाची चौकशी असू शकते. विठ्ठलवाडी पुण्यात सिंहगड रस्त्यावरही आहे. शिवाय स्थानकाच्या नावाने होणाऱ्या शोधांत लोकलचे वेळापत्रक हवे असणारेही आलेच. म्हणून गाव, वस्तू आणि खरेदी सुचवणारा शब्द यांची सांगड घालावी लागते. ‘उल्हासनगर सोफा किंमत’ किंवा ‘जीन्स होलसेल’ शोधणारा माणूस गिऱ्हाईक होण्याची शक्यता कितीतरी अधिक. ‘टाइमटेबल’, ‘पिक्चर’, ‘नोकरी’, ‘मंदिर’ हे शब्द नकारात्मक कीवर्डच्या यादीत घालून नको असलेले क्लिक रोखता येतात.

भाषेचाही विचार हवा. मराठी, सिंधी आणि हिंदी बोलणाऱ्या या पट्ट्यात एकच वस्तू ‘कपाट’, ‘अलमारी’ आणि ‘वॉर्डरोब’ अशा तिन्ही नावांनी शोधली जाऊ शकते. देवनागरीबरोबर रोमन लिपीतील स्पेलिंगही तपासावे लागते. ‘विठ्ठलवाडी’ या नावात कोणी एक टी लिहितो, कोणी दोन.

भौगोलिक कक्षा : फर्निचरचे गिऱ्हाईक बहुधा आसपासचे असते, त्यामुळे मागणी कल्याण ते बदलापूर एवढ्या टापूत मोजावी. जीन्सच्या घाऊक व्यापाऱ्याचा खरेदीदार मात्र परगावचा दुकानदार असतो. त्याच्यासाठी राज्याचे किंवा देशाचे आकडे पाहावे लागतात. गूगल अ‍ॅड्सच्या मूळ रचनेत त्या भागात असलेल्यांबरोबर त्या भागात केवळ रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसते. स्थानिक दुकानाने ही सेटिंग आवर्जून बदलावी.

हिशेब : समजा एका कपाटामागे २,००० रुपये नफा सुटतो आणि ५० क्लिकमागे एक विक्री होते. मग एका क्लिकला ४० रुपये ही ना नफा ना तोटा अशी मर्यादा झाली. भारतात जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. त्याची वजावट मिळत नसेल तर बोली ३४ रुपयांच्या आतच ठेवावी लागते. प्लॅनरमधील बोली याहून चढी असेल तर तो शब्द सोडून द्यावा. बोली परवडली तरी मागणी पुरेशी आहे का, हेही पाहावे लागते. महिन्याला २०० शोध आणि त्यांतील दहा टक्के क्लिक धरले तर २० क्लिक मिळतात, म्हणजे पाच महिन्यांत जेमतेम दोन कपाटे विकली जातात. अशा एका शब्दावर धंद्याचे गणित मांडता येत नाही. जवळच्या अर्थाचे अनेक शब्द एकत्र घ्यावे लागतात.

मर्यादा व कायदा : फारच कमी शोधला जाणारा शब्द गूगल ‘लो सर्च व्हॉल्यूम’ ठरवून तात्पुरता निष्क्रिय ठेवतो. लहान वस्त्यांची नावे जोडलेल्या शब्दांना ही अडचण येऊ शकते. ‘एक्झॅक्ट मॅच’ (शब्दाशी तंतोतंत जुळणारा शोध) निवडले तरी समान अर्थाच्या इतर शोधांवर जाहिरात दिसू शकते. प्रतिस्पर्ध्याचे नाव कीवर्ड म्हणून वापरण्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या प्रकरणात निर्णय दिला. असा वापर हा ट्रेडमार्कचाच वापर ठरतो. मात्र ग्राहकाचा गोंधळ किंवा नावाचा गैरफायदा नसेल तर तेवढ्यावरून उल्लंघन होत नाही, असे त्यात म्हटले आहे.

प्लॅनरचे आकडे हा अंदाज असतो. खरी मागणी थोड्या रकमेची चाचणी मोहीम चालवल्यावर ‘सर्च टर्म्स’ अहवालात दिसते, कारण लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केले हे त्यात नोंदलेले असते. तो अहवाल दर आठवड्याला वाचून निरुपयोगी शब्द वगळत आणि कामाचे शब्द वाढवत गेले, तरच रक्कम वाढवणे शहाणपणाचे ठरते.